लांब ओढायची ओळ

दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा इन्स्पेक्टरांनी निदान चेहरा तरी पाडला. पहिल्या वेळी नुसतंच "नेक्स्ट" म्हणाले होते.

परीक्षा होती गाडी चालवायची, तीही वयाच्या पन्नाशीत. आठचा आकडा मी झोकात काढला. मागे घेऊन गाडी दोन खांबांच्या मधोमध अशी लावली, की तव्यावर भाकरी टाकावी. राहिली ती चढण. सिमेंटचा एक उंचवटा असतो, त्यावर अर्ध्यात थांबायचं आणि मागे न घरंगळता गाडी पुढे काढायची. एवढंच. मी थांबले. मग इंजिनानं एक आचका दिला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे गेली. तिथे ठेवलेला नारिंगी खुणेचा कोन आडवा झाला, आणि ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या कल्लाप्पांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्याच हातांनी त्यांनी केस सारखे केले. डोक्यावर केस नसताना.

कल्लाप्पा म्हणजे आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे माझ्यावर मराठीत रागावतात आणि रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांवर कानडीत.

"मेडम, एक विचारू काय?" परत येताना ते म्हणाले. "चढणीवर तुम्ही श्वास का घेत नाही?"

"घेते की."

"कुठलं! मी बाहेरनं बघत होतो. गाल फुगवून बसलेला. विहिरीत बुडी मारल्यागत."

ते खरं होतं. सुईत दोरा ओवताना, दूध वर येताना, बँकेचा "प्रिय ग्राहक" असा मेसेज आला की, मुलीचा फोन अवेळी वाजला की मी श्वास धरते. धरून ठेवला की संकट जागच्या जागी थांबतं, अशी माझी कुठेतरी समजूत असावी. दूध आजवर एकदाही थांबलेलं नाही.

घरी अजित दारातच उभा होता.

"काय झालं?"

"कोन गेला."

"पुन्हा?"

"हा नवा होता."

तो हसला नाही. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते आणि भांडताना अजित. त्या दिवशी दोन्हीची हिंमत झाली नाही. मी आत जाऊन चहा टाकला. खिडकीतून खाली आमची जुनी निळी गाडी दिसत होती, अंगावर खाकी आवरण घेऊन, ताप आल्यासारखी.

त्या गाडीचं सांगायला हवं. आम्ही राहतो आरटी नगरच्या मागच्या गल्लीत. दर रविवारी सकाळी अजित मला घेऊन निघायचा. हेब्बाळचा फ्लायओव्हर ओलांडून सरळ देवनहळ्ळी. वाटेत ताटाएवढी इडली, मग किल्ल्याच्या तटावर बसून विमानं बघायची. "हे दिल्लीचं," मी म्हणायची. "छे, पाटण्याचं," तो म्हणायचा. दोघांनाही काही माहीत नसायचं, पण भांडण जोरदार व्हायचं. आठवडाभर आकडेमोड करून वाकलेला माणूस तटावर बसला की सरळ व्हायचा.

मग त्याच्या डोळ्याच्या पडद्याचं निघालं. वाचता येईल, चालता येईल, पण गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. ड्रायव्हर ठेवून बघितला. अजित शेजारी बसायचा आणि नसलेल्या ब्रेकवर असा पाय दाबायचा, की खालची रबरी चटई सरकून सरकून पुढे गोळा व्हायची. ड्रायव्हर स्वतःहून सोडून गेला. टॅक्सीत तर तो मागच्या सीटवरूनही पाय दाबतो. हळूहळू त्यानं बाहेर पडणंच बंद केलं. रविवारी सकाळी खाली जाऊन तो गाडी धुतो, पुसतो आणि पुन्हा आवरण घालून वर येतो. हे बघवेना, तेव्हा मी कल्लाप्पांकडे नाव घातलं.

चहा घेताना अजित म्हणाला, "मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं गाडी विकायचं. गिरीराज म्हणून मुलगा आहे, नागपूरचा, हेब्बाळला टेक पार्कात असतो. या नाही, पुढच्या रविवारी येतोय बघायला."

"मला न विचारता?"

"वासंती, तुझं शिकाऊ लायसन्स संपत आलंय."

"शुक्रवारची तारीख मिळालीय मला. शेवटची."

"मिळू दे ना. पास होशील. पण लायसन्स म्हणजे कागद गं. तू हेब्बाळचा फ्लायओव्हर चढणार आहेस का? मागे एअरपोर्टची बस, शेजारी पाण्याचा टँकर?"

"आणि चढले तर?"

त्यानं कप खाली ठेवला. "चढलीस तर बघू."

आमच्या घरात 'बघू' हे 'नाही'चं सोवळ्यातलं रूप आहे. पण मी त्या दिवशी ते जसंच्या तसं घेतलं आणि मनाशी गाठ मारली.

रात्रीच्या जेवणाआधी सिद्धीला, म्हणजे आमच्या लेकीला, पुण्याला फोन लावला. तिच्या ऑफिसात मनःशांतीचे वर्ग असतात. आधी लोकांना बेजार करतात आणि मग बुधवारी श्वास घ्यायला शिकवतात, असं माझं त्यावरचं मत होतं. ते मी गिळलं.

"आई, तू चढणीवर नसतेसच," ती म्हणाली. "तू आधीच त्या कोनाजवळ जाऊन बसलेली असतेस. पडणार, पडणार म्हणत."

"मग कुठे बसू?"

"गाडीत! हाताला स्टिअरिंग कसं लागतंय, पाठ सीटला कुठे टेकलीय, कानावर काय येतंय, तेवढंच बघ. विचार आले तर येऊ दे, त्यांच्या मागे मागे जाऊ नकोस. आणि श्वास. आकडे मोजत आत घ्यायचा, आणि त्यापेक्षा जास्त आकडे मोजत बाहेर सोडायचा. बाहेरचा लांब हवा. लांब सोडला की शरीराला कळतं, वाघ गेला."

"कुठला वाघ?"

"आई, शरीराला प्रत्येक गोष्ट वाघच वाटते. इन्स्पेक्टरसुद्धा."

हे मला पटलं. इन्स्पेक्टरांना मिशाही होत्या.

मी मन लावून सुरुवात केली. सकाळी ओट्याशी उभी राहून डोळे मिटले आणि मोजत मोजत श्वास सोडला. दूध उतू गेलं. पण एक नवलच झालं. शेगडी पुसताना मी चिडलेली नव्हते. साय जळल्याचा वास, ओल्या फडक्याचा गार स्पर्श, खाली भाजीवाल्याची आरोळी, सगळं जागच्या जागी होतं आणि मीही तिथेच होते. म्हणजे प्रकारात तथ्य होतं. फक्त दुधाच्या वेळी करायचा नव्हता.

गाडीत मात्र तो साधेना. मेखरी सर्कलच्या सिग्नलला मी डोळे मिटून मोजायला लागले, आणि मागून सगळ्या बंगळूरनं एकदम हॉर्न वाजवला.

"मेडम! झोपलाय काय?" कल्लाप्पा त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर उभेच राहिले.

"श्वास घेतेय!"

"मग सोडा की! आणि गाडी पण सोडा!"

डोळे उघडे ठेवून बघितलं. तरी नाही. खरी अडचण मोजण्यातच होती. आकडे मोजायला लागले की मी परीक्षेला बसते. आपलं चुकलं का, एक आकडा राहिला का, सोडायला घाई झाली का, असं करता करता शांत व्हायची परीक्षा वेगळी आणि गाडीची वेगळी, अशा दोन-दोन परीक्षांना मी एकदम बसलेली असायची. दोन्हीत गाल फुगलेले.

असे दिवस सरले आणि मंडळाचा गणपती आला.

आमच्या मंडळाचा गणपती जयनगरला एका हॉलमध्ये बसतो, आणि तेवढ्यापुरता अजितही घराबाहेर पडतो. पुण्या-मुंबईची, नागपूरची नवी मुलं लॅपटॉपच्या पिशव्यांसकट आरतीला येतात, आणि तीनचारशे वर्षांपासून इथलीच झालेली घराणीही येतात. त्यांतल्या एक गोजराअक्का. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळूरला आले असं त्या सांगतात, आणि अशा ऐटीत सांगतात, की वाटावं सामान यांनीच उतरवून घेतलं होतं. सत्तरीच्या पुढच्या, हिरवं लुगडं, मूठभर शरीर.

आता आरत्या तुम्हाला माहीतच आहेत. शेवटाकडे ती एक येते, जिच्यातली एक ओळ लांब ओढायची असते. कुणी शिकवत नाही, कुठे लिहिलेलं नसतं, पण ती ओळ आली की भला शहाणा माणूसही मान वर करतो आणि दम संपेपर्यंत ओढत राहतो. आवाज एकेक करून गळतात. पोरं लाल होतात. शेवटी एक आवाज उरतो, आणि जयनगरात तो दर वर्षी गोजराअक्कांचाच उरतो. तो उरला की त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आम्हा हरलेल्यांकडे एकदा बघून घेतात. देवासमोर हात जोडलेले, पण नजर कुस्तीच्या फडातली.

मी दर वर्षी पहिल्या गळणाऱ्यांत असते. त्या संध्याकाळी जिंकायचं वगैरे डोक्यातही नव्हतं. शुक्रवार डोक्यावर होता, त्याला लागून रविवार. ओळ आली, मी तोंड उघडलं आणि नुसती सोडून दिली. टाळ, कापराचा वास, तळपायाला फरशी. खांदे केव्हा खाली आले कळलं नाही. एक आवाज गळला, दुसरा गळला. अजितचा, आमच्याकडे तोच जरा दमदार, तोही गळला. मी अजून होतेच! आणि शेजारी फक्त गोजराअक्का. त्यांनी वळून बघितलं. बघताना त्यांचा सूर हलला, माझा नाही.

शेवटी जिंकल्या त्याच. पण माझी ओळ संपली तेव्हा मला धाप लागलेली नव्हती. श्वास मी ओढून घेतला नाही, तो आपणहून आत आला, घरच्या माणसासारखा. आणि डोक्यात ना कोन, ना इन्स्पेक्टर, ना रविवार. मी अख्खी त्या हॉलमध्येच होते.

प्रसादाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. "अक्का, तुम्ही एवढा वेळ धरता कसं हो?"

"एनु ग, धरायला ते काय गाईचं शेपूट आहे?" त्या अर्ध्या कानडीत म्हणाल्या. "मी कुठं धरते? सोडते. स्वल्प स्वल्प. घाई केली की संपलं." मग जरा जवळ सरकून, "तू अचानक कुठनं शिकून आलीस ग? पुढच्या वर्षी माझ्याजवळ उभं राहायचं नाही हं."

माझ्या हातातला मोदक तसाच राहिला. स्वल्प स्वल्प सोडायचं. बाहेरचा श्वास लांब. आणि मोजायचं काहीच नाही, कारण ओळ स्वतःच आपली लांबी सांभाळते! सिद्धी पुण्याहून जे सांगत होती ते माझ्या तोंडात लहानपणापासून होतं, फक्त मी ते देवापुरतं ठेवलं होतं. आणि त्याच्याही पुढचं, म्हणजे क्लच! चढणीवर क्लचही असाच सोडायचा असतो. श्वास कोंडून धरला की तो एकदम फुटतो, आणि श्वास फुटला की माझा पायही एकदम सुटतो. गाडी आचका देते ती तिथे!

परतीच्या रिक्षात मला बसवेना. मी हलक्या आवाजात ती ओळ ओढली आणि तिच्याबरोबर डावा पाय सावकाश वर उचलला. पुन्हा ओढली, पुन्हा उचलला. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

"पायाला मुंग्या आल्या का?" अजितनं विचारलं.

"नाही हो. क्लच सोडतेय."

"रिक्षाचा?"

दुसऱ्या दिवशी कल्लाप्पांना मी काही सांगितलं नाही. एका चढाच्या गल्लीत गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि सुरू केलं.

"मेडम, देव का आठवतोय? एवढं वाईट चाललंय काय आपलं?"

मला उत्तर देता येत नव्हतं, तोंडात ओळ होती. ती जशी पुढे गेली तसा डावा पाय वर आला. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, हात आपसूक हँडब्रेकवर गेला, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर निघाली. कल्लाप्पा आधी रस्त्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पायाकडे. त्यांनी ब्रेकला स्पर्शही केला नव्हता.

"अरे बापरे," ते म्हणाले. "आणि एकदा म्हणा."

गल्लीतल्या बायका दारात आल्या, इतक्या वेळा म्हटली.

शुक्रवारी इन्स्पेक्टरांनी मला ओळखलं. मला नमस्कार करायच्या आधी ते गेले आणि कोन जरा मागे सरकवून आले. चढणीवर मी थांबले. गाल फुगायला लागलेत हे मला कळलं, आणि गंमत म्हणजे कळलं तिथेच अर्धं काम झालं. मिशांचा वाघ आहे, असू दे. स्टिअरिंगचं कातडं उन्हानं तापलंय. पाठ ओली आहे. मी तोंड उघडलं. सुरुवातीला पुटपुटल्यासारखं आलं, मग चांगला खणखणीत सूर लागला, आणि गाडी एक बोटभरही मागे न जाता चढण चढून पलीकडे उतरली. ओळ शिल्लक होती, म्हणून मी ती पूर्ण केली. अर्धी सोडायची पद्धत नाही.

इन्स्पेक्टर खिडकीशी आले. "मुगितु?" झालं का, असं त्यांनी विचारलं. गाडीबद्दल की गाण्याबद्दल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मुगितु सर."

त्यांनी कागदावर सही केली, कोनाकडे एकदा प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "सरी, ठीक. नेक्स्ट!"

इतका गोड शब्द मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. कल्लाप्पांनी ट्रॅकच्या कडेला टाळ्या वाजवल्या आणि या वेळी डोक्याला हात लावले नाहीत.

घरी मी जिना धावत चढले. अजितनं माझे दोन्ही हात हातात घेतले, अभिनंदन म्हणाला, मनापासून म्हणाला. मग म्हणाला, "गिरीराज रविवारी दहाला येतोय."

"आणि 'बघू'चं काय?"

तो खुर्चीत बसला. बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"वासंती, तू चालवशील. त्याचं काही नाही. मला शेजारी बसता येत नाही गं. गाडी हलली की इथे," त्यानं गळ्याला हात लावला, "सगळं इथे येतं. समोरचं नीट दिसत नाही आणि हातात काही नाही. त्यापेक्षा गाडी नसलेली बरी. मग कुठे जायचंच नाही."

एवढं बोलायला त्याला इतके महिने लागले होते. मला त्याला तिथेच ओळ ओढायला लावावी असं वाटलं, पण लावली नाही. वाघ ज्याचा त्याला आधी दिसावा लागतो.

रविवारी गिरीराज आला. उंच, किडकिडीत, डोक्यावर दुचाकीचं हेल्मेट तसंच. ते काढायचं त्याला जिना चढून आल्यावर आठवलं.

"नमस्कार काका, नमस्कार काकू. गाडी भारी मेंटेन केलीय हो! चालवून दाखवता का काका? मी नागपुरात शिकलो, पण इथल्या ट्रॅफिकमध्ये अजून हात नाही घातला. भीती वाटते, खरं सांगतो."

अजितनं चावी हातात घेतली होती आणि ती तो नुसती फिरवत होता. ती मी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मी दाखवते."

"तू?"

"लायसन्स आहे माझ्याकडे. कार्ड यायचंय, पण फोनवर दिसतं. दाखवू?"

परक्या मुलासमोर नवरा नाही म्हणू शकत नाही. हा फायदा मी घेतला. गिरीराज मागे बसला, गुडघे कानाशी. अजित माझ्या शेजारी. बसल्या बसल्या त्यानं वरची कडी पकडली. गाडी अजून बंद होती.

"गल्लीला एक चक्कर मार फक्त," तो म्हणाला.

मी गल्लीतून निघाले, डावीकडे वळले, आणि पुढे बल्लारी रोडला लागले.

"वासंती, गल्ली म्हणालो मी!"

"अहो, चढावर गाडी ओढते का, ते नको का बघायला गिऱ्हाइकाला?"

"हो हो काकू," मागून आवाज आला, "पिकअप बघायलाच पाहिजे."

हेब्बाळचा फ्लायओव्हर रविवारीही रविवार पाळत नाही. चढाच्या मध्यावर सगळं थांबलं. शेजारी टँकर, पाणी ठिबकतंय. मागे आरशात एअरपोर्टची बस, इतकी जवळ की ड्रायव्हरच्या कपाळाचं गंध दिसत होतं. अजितनं जे जे सांगून ठेवलं होतं ते सगळं झाडून हजर होतं.

पुढची गाडी हलली. मी घाई केली. आचका, आणि इंजिन बंद. गाडी टीचभर मागे सरकली.

"काकू… काकू… बस आहे मागे…"

"हँडब्रेक!" अजित ओरडला.

ओढला. मागून हॉर्नचा धबधबा सुरू झाला. मी किल्ली फिरवली आणि का कोण जाणे, पुढे बघायच्या आधी शेजारी बघितलं. अजितचा पाय चटईवर कचकन दाबलेला. एका हातात कडी. आणि गाल फुगलेले! विहिरीत बुडी मारल्यागत! इतके महिने हा माणूस माझ्याबरोबर बुडी मारून बसलेला, आणि मला वाटत होतं मी एकटीच.

मला हसू आलं. हॉर्न वाजत होते, वाजू दे. टँकरचं पाणी टपटपत होतं. हाताखाली स्टिअरिंग होतं. मी तोंड उघडलं आणि ती ओळ सुरू केली. मोठ्यानं, गोजराअक्कांसारखी.

मराठी माणूस बरंच काही सोडून देतो, पण ती ओळ दुसऱ्याच्या एकट्याच्या तोंडात राहू देत नाही. माझ्या मानेमागून नागपूरचा उंच, जरा बेसूर आवाज चढला. पोरगं आपसूक सुरू झालं होतं! आणि त्याच्या मागोमाग डावीकडून, आधी फुस्सदिशी हवा सुटल्यासारखा आणि मग भरदार, अजितचा.

आम्ही तिघं ओढत होतो. माझा पाय ओळीबरोबर वर येत होता, सावकाश, सावकाश. इंजिन जड झालं. हँडब्रेक सोडला. गाडी तसूभर मागे गेली नाही. ती निघाली! टँकर मागे पडला, बस आरशात लहान झाली, गिरीराजचा दम तुटला आणि तो खोकायला लागला. चढ संपत आला तशी मीही गळले. अजित चालूच. माथ्यावर पोचलो, एका बाजूला तळं चकाकलं, त्यावर पांढरे पक्षी, आणि हा माणूस मान वर करून अजून ओढतोय. उतार लागला तरी ओढतोय. मी चोरून खाली बघितलं. त्याचा पाय चटईवर सैल पडला होता, बाहेरच्या अंगाला जरा कललेला, झोपलेल्या बाळाच्या पायासारखा. कडी सुटून हात मांडीवर आला होता.

ओळ संपली. त्याच्या छातीत श्वास आपणहून गेला. मला तो जाताना ऐकू आला.

फ्लायओव्हर मागे पडला. मग मी विचारलं, "परत कुठून वळू?"

"कशाला वळतेस?" अजित म्हणाला. "सरळ चल."

"सरळ म्हणजे एअरपोर्ट."

"त्याच्या पुढे देवनहळ्ळी येते. विसरलीस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण गाडी चालवताना ते पुसायचं कसं हे कल्लाप्पांनी शिकवलं नव्हतं. आलं तसं राहू दिलं. रस्ता दिसत होता.

"काका," मागून गिरीराज जपून म्हणाला, "गाडी चांगली आहे."

"आहेच."

"म्हणजे मग… आपलं ठरलं ना?"

अजित मागे वळला. चालत्या गाडीत मागे वळून बोलताना मी त्याला कित्येक महिन्यांनी बघत होते. "हे बघ गिरीराज, तुला चांगली गाडी मिळेल असा शब्द दिलाय मी. तो पाळणार. चार ठिकाणी तुझ्याबरोबर येऊन, बॉनेट उघडून, बघून देईन. फक्त ही सोडून."

"मग मला इथे उतरवता का? रिक्षानं परत जाऊन बाईक उचलतो, एक कॉल आहे माझा."

"रविवारी कसला कॉल? इडली खाऊन जा. ताटाएवढी असते."

गिरीराजनं मोबाईल काढला, बघितला आणि पुन्हा खिशात टाकला. हेल्मेट मांडीवर घेऊन तो जरा ऐसपैस बसला, जमेल तितका.

पुढे सिग्नल लाल झाला. मी ब्रेक लावला. शेजारी चटई किंचित करकरली.

"सोडा," मी म्हटलं.

"सोडतोय की," अजित म्हणाला. "स्वल्प स्वल्प."

सिग्नलचे आकडे खाली उतरत होते. कुणीही मोजत नव्हतं. वरून एक विमान पोट दाखवत खाली आलं.

"पाटण्याचं," तो म्हणाला.

"दिल्लीचं."

"काकू," गिरीराज दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून म्हणाला, "ती ओळ आणखी एकदा घ्यायची का? मघाशी माझी तयारी नव्हती. हरलो फुकटचा."

"चढ येऊ दे रे," मी म्हटलं.

पण अजितनं काच खाली केली होती आणि चढ यायच्या आधीच तो छाती भरून घेत होता.